कूलरचा आकाशकंदील

कागद हा मानवी संस्कृतीचा पाया आहे आणि ज्या घरातली मुलं सुट्टीत हाताने कागदी वस्तू करतात त्या घराला भविष्याची चिंता नसते, असं उकंडराव टिकारांचं ठाम मत होतं. हे मत तयार होऊन त्या वेळी साधारण पाऊण तास झाला होता.

त्याआधी कागदाविषयी त्यांना काही मत नव्हतं. हयातभर जमीनमोजणी खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केल्यामुळे कागद म्हणजे दोन भावांचं भांडण रेघ मारून कायम करायची वस्तू, एवढीच त्यांची समजूत होती. मत बदललं ते सकाळची खिचडी संध्याकाळी ताटात घेऊन मोबाईल बघताना. त्यांनी बोट लावलं होतं सोयाबीनच्या भावाला. लागला तो 'सुट्टीत मुलांसोबत घरच्या घरी करा सोप्या कागदी वस्तू' हा व्हिडिओ. बंद कसा करायचा ते न समजल्यामुळे त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, आणि खिचडी संपेपर्यंत ते कागदवादी झाले.

नेमका त्याच संध्याकाळी पुण्याहून मुलाचा, राजकुमारचा, फोन आला.

"बाबा, या दिवाळीला पोरांना शेगावला आणावं म्हणतोय. पण अश्विनीचं म्हणणं, ती तिथे बोअर होतात. मागच्या वेळी ऋत्विक दिवसभर गॅलरीत बसून रिक्षा मोजत होता."

"मोजत होता ना? मग चांगलं आहे. रक्तातच आहे त्याच्या."

"बाबा."

"या वेळी मी त्यांना कागदकाम शिकवणार आहे," उकंडराव म्हणाले.

पलीकडून आशाबाईंचा, म्हणजे उकंडरावांच्या पत्नीचा, आवाज आला : "यायले तं सोता पोथीले पुठ्ठा चढवता येत नाई!"

आशाबाई पुण्याला दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. धाकट्या नातीच्या, प्रेरणाच्या, वेळचं सुनेचं बाळंतपण आटोपेपर्यंत. प्रेरणा आता दुसरीत होती. मधल्या काळात आशाबाई लग्नकार्याला आणि एकदा दाढ काढायला शेगावला येऊन गेल्या. उकंडरावही मध्यंतरी पुण्याला राहून पाहायला गेले होते. पण घर अकराव्या मजल्यावर, खिडकीतून जमीन दिसत नाही, आणि जमीन दिसत नसली की या माणसाला काय करावं ते कळत नाही. आठवडाभरात ते घर बंद राहिल्याने भिंतींना ओल येते असं सांगून परतले. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या.

त्या रात्री त्यांनी सुनेला फोनवर घेतलं आणि एकाग्रता, बोटांचे स्नायू, डोळ्यांवरचा ताण, सृजनशीलता असं सगळं व्हिडिओतल्या क्रमाने समजावून सांगितलं. अश्विनी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरंच बाबा, मला पटलं तुमचं. या सुट्टीत पोरांनी कागदकाम केलंच पाहिजे."

पोरं येणार म्हणजे त्यांना सांभाळायला आशाबाई येणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. उकंडरावांनी ते कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त फडताळावरची पितळी परात काढली आणि चिंच लावून घासली. एकट्याच्या खिचडीला परात लागत नाही.

मग सराव सुरू झाला. ज्याला शिकवायचं त्याला आधी यायला पाहिजे, हा नियम उकंडराव पाळत. सरकारी खात्यात तो फारसा पाळला जात नाही, पण ते आता निवृत्त होते. त्यांनी ओसरीत टेबल टाकलं, स्टीलची पट्टी घेतली, गोल चष्मा लावला आणि होडीला हात घातला. होडीची टोपी झाली. टोपीची होडी करायला गेले तर पाकीट झालं. व्हिडिओतली बाई "आता इथे अशी घडी घाला" म्हणत होती, आणि 'इथे' म्हणजे नेमकं कुठे, कोणत्या खुणेपासून किती अंतरावर, हे सांगत नव्हती. आयुष्यभर शेताच्या बांधावरून इंच इंच भांडणारी माणसं पाहिलेल्या उकंडरावांना हा ढिसाळपणा सहन होईना. त्यांनी प्रत्येक घडी पट्टीने मोजून पेन्सिलीने आखायला सुरुवात केली. त्यामुळे बेडूक जो तयार झाला तो उडी मारायच्या ऐवजी शासकीय इमारतीसारखा जागच्या जागी बसला.

"काहो भाऊजी, काय करून राह्यले?" शेजारच्या विमलबाईंनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं. विमलबाईंना घरात फारसं काम नसे, आणि त्यांची अर्धी दिनचर्या त्या भिंतीवर हनुवटी टेकून पार पडे.

"बेडूक."

विमलबाईंनी थोडा विचार केला. "तब्येत बरी आहे ना?"

"नातवंडांसाठी आहे. दिवाळीले येऊन राह्यली."

"अच्छा. मंग कागद चांगला घ्या नं. पेपराचा बेडूक कोनी पाहते का? त्याच्या पाठीवर तं सिमेंटची जाहिरात आहे."

हा सल्ला मानून उकंडराव संघपालच्या दुकानात गेले. संघपालचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान कॉलनीच्या तोंडाशीच होतं. उकंडरावांनी अधिकारवाणीने घोटीव कागद, पतंगी कागद आणि डिंकाची बाटली मागितली.

"कोनत्या वर्गाले, साहेब?" संघपाल म्हणाला. "आता सुटं कोनी घेत नाई. पाकीट येते. दुसरीचं अलग, पाचवीचं अलग. कागद कापलेलाच असते, फक्त चिकटवाचा. चिकटवलेलंबी येते, पन ते महाग पडते."

"मग पोरांनी काय करायचं?"

"नाव टाकाचं, साहेब. शाळेचं नाव, विद्यार्थ्याचं नाव, तुकडी."

उकंडराव रागाने घरी आले. तयार कापलेला कागद म्हणजे कुणीतरी आधीच मोजणी करून ठेवलेली जमीन. त्यात मोजणी करणाऱ्याने करायचं काय? आणि कागदाला काय तोटा होता? घरात पलंगाखाली, कपाटावर, लोखंडी पेटीत आणि पेटीच्या मागे कागदच कागद होता. जाड, चकचकीत, रंगीत आणि सोनेरी कडांचा. लग्नपत्रिकांचा.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. शेगावात घर असलेल्या माणसाला एकटं वाटत नाही, असा बाहेरगावच्या लोकांचा समज असतो. अकोल्यापासून वरवट बकालपर्यंतचे झाडून सगळे नातेवाईक दर्शनाला येत आणि उकंडरावांच्या ओसरीत बॅगा ठेवत. "जरा लक्ष असू द्या" म्हणून जात, दर्शन घेत, महाप्रसाद घेत, परत येऊन बॅगा मोजून उचलत आणि गाडीची वेळ झाली म्हणत. चहाला कुणी थांबत नसे. चहा घेतला की उकंडराव बोलायला लागतात, ही माहिती त्या बॅगांबरोबरच गावोगाव पोचली होती.

त्यात या भागाचा रिवाज असा, की लग्न ठरलं की पहिली पत्रिका महाराजांच्या चरणी ठेवायची. दुसरी पत्रिका, घर रस्त्यातच पडतं म्हणून, उकंडरावांना. त्यामुळे ज्यांना ते ओळखत नव्हते अशा शेकडो लग्नांचे ते दुसऱ्या क्रमांकाचे निमंत्रित होते. आणि पत्रिकेवर गणपती असतो. गणपती असलेली वस्तू फेकता येत नाही, जाळता येत नाही, रद्दीत देता येत नाही आणि तिच्यावर डाळ वाळत घालता येत नाही. आशाबाईंनी ती फक्त साठवली.

व्हिडिओत शेवटची वस्तू 'जुन्या पत्रिकांचा आकाशकंदील' हीच होती. लहान मुलांना सहज जमेल अशी, असं ती बाई म्हणाली होती. उकंडरावांनी दार लावून घेतलं, प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती गोल कापून देवघरात ठेवला (देवघरात संध्याकाळपर्यंत बसायला जागा उरली नाही), आणि उरलेल्या पत्रिकांच्या पट्ट्या आखून-मोजून कापल्या. मैद्याची खळ शिजवली. पहिला कंदील वाळायला भिंतीवर ठेवला तर गल्लीतल्या शेळीने त्यातून मेहकरकडचे दोन मामा आणि एक अख्खं व्यवस्थापक मंडळ खाल्लं. दुसऱ्या वेळी त्यांनी वाळेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून पहारा दिला. तिसऱ्या दिवशी गॅलरीत बल्ब घालून नमुन्याचा कंदील टांगला. तो डाव्या अंगाला कलत होता, पण लागला. नातवंडं आली की असेच, पण सरळ, त्यांच्याकडून करून घ्यायचे, असा बेत होता.

बल्ब लागून पाच मिनिटं झाली असतील, विमलबाईंनी भिंतीऐवजी थेट फाटकातून प्रवेश केला.

"भाऊजी! तुमी माह्या पोरीच्या संसाराले कात्री लावली!"

उकंडरावांना आधी काही समजेना. मग ते स्टुलावर चढले आणि चष्मा सारखा करून पाहू लागले. कंदिलाच्या उत्तरेकडच्या शेपटीवर 'चि. सौ. कां. डिंपल' झुलत होतं. डिंपल म्हणजे विमलबाईंची मुलगी. तिच्या लग्नातला 'चि. गोपाल' दक्षिणेकडच्या शेपटीवर होता, आणि दोघांच्या मध्ये पिंपळगाव राजाचे कुणी आजोबा, आप्तेष्ट, आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी पाच पोरं होती. डिंपल नवऱ्याशी भांडून राखीपासून माहेरीच होती, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

"वहिनी, हे निव्वळ तांत्रिक आहे," उकंडराव म्हणाले.

"तांत्रिक आहे म्हूनच तं सांगून राह्यली! आताच्या आता जोडा त्याईले!"

उकंडरावांनी स्टुलावरूनच दुरुस्ती केली. गोपालची पट्टी सोडवून डिंपलला लागून चिकटवली आणि मध्ये राहिलेली बारीक फट आजोबांच्या आडनावाने बुजवली. विमलबाई खालून "अजून जवळ, अजून जवळ" म्हणत होत्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी जावई मोटरसायकलवर मिठाईचा पुडा घेऊन आला आणि डिंपलला दिवाळीसाठी घेऊन गेला. जावयाच्या आईचा पाय मुरगळला होता आणि घरी पोळ्या करायला कुणी नव्हतं, हे खरं कारण कॉलनीला माहीत होतं; पण माहीत असणं आणि मानणं ही दोन स्वतंत्र खाती आहेत. संध्याकाळपर्यंत टिकारसाहेबांच्या कंदिलाने संसार जुळतो ही बातमी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या पत्रिका घेऊन आले. कुणाच्या मुलाला मूल होत नव्हतं, कुणाची सून दुबईला जायचं म्हणत होती. पण बहुतेकांचं दुखणं वेगळंच होतं : कंदिलावर विमलबाईचं नाव आहे, आपलं नाही. सर्वांत मोठी पत्रिका कॉलनी समितीचे अध्यक्ष, माजी नगरसेवक हिंमतराव यांनी आणली. त्यांच्या मुलाच्या, शिवमच्या, लग्नाची ती पत्रिका मखमली पेटीत होती. पेटीला कुलूप होतं आणि त्याची चावी हिंमतरावांच्या खिशात. त्या पत्रिकेत शिवमचं नाव बारीक आणि 'माजी नगरसेवक' हे शब्द जाड छापलेले होते.

"रस्त्याकडची बाजू आपल्याले पायजे, टिकारसाहेब," हिंमतराव खुर्चीत बसत म्हणाले. "मागची-गिगची नाई. अध्यक्षाचं नाव मागं चांगलं दिसत नाई. कॉलनीचीच इज्जत जाते."

"कंदील गोल आहे, हिंमतराव. त्याले मागचं-पुढचं नसते."

"मंग चौकोनी करा."

झालं. कंदील चौकोनी करायचा ठरलं, आणि चौकोन म्हटल्यावर बाजू आल्या, बाजू म्हटल्यावर हद्दी आल्या. उकंडरावांनी रीतसर मोजणी लावली. लगतच्या सर्व कब्जेदारांना संध्याकाळी पाच वाजता हजर राहायला सांगितलं. ते हजर राहिले. हरकती आल्या. सरस्वतीबाई नावाच्या कोपऱ्यावरच्या बाईंनी त्यांचे व्याही हिंमतरावांच्या साडूच्या खाली येतात ही बाब निदर्शनास आणली आणि व्याही परत मागितले. एकाने कंदिलावर पत्रिकेतल्या 'स्वागतोत्सुक'मध्ये आपलं नाव आहे पण ते नेमकं घडीत गेलं, अशी तक्रार केली. हिंमतरावांनी समितीची तातडीची सभा बोलावून 'कंदिलावर दर कुटुंबामागे एकच पत्रिका' असा ठराव मांडला, आणि तो मंजूर झाल्यावर आपल्या पुतण्याचं कुटुंब वेगळं आहे असं सांगून दुसरी पत्रिका काढली.

ओसरीत रोज सायंकाळी दहाबारा माणसं बसू लागली. उकंडरावांनी चहासाठी गंज, म्हणजे मोठं पातेलं, काढलं. लोक चहा पीत, आणि नंतरही उठत नसत. बोलत मात्र ते एकमेकांशी. उकंडरावांनी एकदा वाशीमकडच्या एका शेताच्या मोजणीची, विहीर नेमकी हद्दीवर निघाल्याची गोष्ट सुरू केली, तर विहीर लागायच्या आधीच हिंमतराव म्हणाले, "ते सोडा, साहेब, माह्या साडूचं काय झालं?"

पत्रिका वाढत गेल्या तसा बांबूचा सांगाडा वाकला. तोडगा संघपालने काढला. तो चहाला आला होता. त्याच्याकडे पत्रिका नव्हती, तो फक्त बघायला येई.

"साहेब, कूलर घ्या ना."

"कूलर?"

"तो जुना पडला आहे ना तुमचा, मोरीजवळ. मोटर तं कधीची गेली. चारी बाजूले चौकट, आत बल्ब टाकाले जागा, अन् खाली चाकं. असा कंदील मुंबईतबी नसन."

वऱ्हाडात प्रत्येक घरात एक चालू कूलर आणि एक मेलेला कूलर असतो. मेलेला कुणी विकत नाही. कधीतरी त्याची मोटर भरून घेऊ, असं म्हणत तो पुढच्या पिढीला जातो. उकंडरावांनी त्याचे गंजलेले पत्रे काढले, सांगाडा घासला, गॅलरीत ओढून आणला आणि त्याच्या चार बाजूंवर कॉलनीची फाळणी केली. रस्त्याची बाजू हिंमतराव आणि पुतणे. पूर्वेला विमलबाई आणि इतर. पश्चिमेला सरस्वतीबाई, परत मिळालेल्या व्याह्यांसह. वर टांगायचा प्रश्नच नव्हता. आकाशात न जाणारा, चाकांवर उभा असलेला आकाशकंदील जिल्ह्यात बहुधा पहिलाच.

चौथी बाजू घराच्या दाराकडे तोंड करून होती. ती उकंडरावांनी कोरी ठेवली.

"ही कोनाची?" हिंमतरावांनी विचारलं. मोकळी जागा दिसली की त्यांना विचारावंच लागे.

"राखीव आहे."

"कोनासाठी?"

"ऋत्विक अन् प्रेरणा. ते आपल्या हातानं करतीन. कागद कापून ठेवला नाई मी. त्यांनीच कापायचा."

"कधी येऊन राह्यले?"

"शाळेले सुट्टी लागली की."

"अन् नाई आले तं?"

"येऊन राह्यले म्हणून सांगितलं ना," उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी हिंमतरावांचा कप अर्धा भरलेला असताना उचलला.

त्या कोऱ्या बाजूसाठी त्यांनी पेटीतल्या सर्वांत चांगल्या पत्रिका बाजूला काढल्या होत्या. मोराच्या आकाराची एक, उघडली की कमळ उभं राहणारी एक. लहान मुलांची बोथट टोकाची कात्री आणली. दोन आणल्या, नाहीतर भांडतील. सायंकाळी लोक गेल्यावर ते त्या बाजूला बसून बेडकाचा सराव करत. बेडूक आता उडी मारू लागला होता. फार नाही, टेबलाच्या कडेपर्यंत.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी राजकुमारचा फोन आला.

"बाबा, थोडी अडचण झाली. म्हणजे अडचण नाही, चांगलीच गोष्ट आहे. अश्विनीशी बोला."

"बाबा," अश्विनीचा आवाज खुशीत होता, "तुम्ही त्या दिवशी कागदकामाचं एवढं छान समजावलंत ना, मी शोधाशोध केली. आमच्या सोसायटीच्या मागेच दिवाळीचं क्राफ्ट शिबिर आहे! एकाग्रता, बोटांचे स्नायू, डोळ्यांना विश्रांती, अगदी तुम्ही म्हणालात तेच सगळं त्यांच्या जाहिरातीत आहे."

"असणारच," उकंडराव म्हणाले.

"पोरांची नावं घातली दोघांची. वसुबारसेपर्यंत चालेल. मग पुढे मला सुट्टी नाही हो. पण तुमच्यामुळे सुचलं बरं का, नाहीतर पोरं नुसती मोबाईल घेऊन बसली असती."

मग फोन आशाबाईंकडे गेला.

"शिबिरात नेणं-आणणं माह्याकडं आलं," त्या म्हणाल्या. "राजू अन् सूनबाई हापिसात. मले कसं निघता येईन?"

"नाही, बरोबर आहे."

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"भाजी-पोळी," उकंडराव म्हणाले. गॅसवर खिचडीचा कुकर होता. शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून ते बोलत बोलत ओसरीत आले होते.

"दिव्याले तेल आणून ठेवा मंग. अन् गोड काही विकत आणा. उगा करत बसू नका."

"हाव."

फोन ठेवून ते कोऱ्या बाजूसमोर आले. मोजणीत कधी कधी असं होतं, की ज्याच्यासाठी वाट सोडली तो माणूस गाव सोडून गेलेला असतो. वाट नकाशात राहते. पण लोक तिला फार दिवस मोकळी राहू देत नाहीत.

संध्याकाळी हिंमतराव आले तेव्हा उकंडराव स्वतःच म्हणाले, "ती कोरी बाजू तुमाले पायजे होती ना? घ्या. आरक्षण उठलं."

"काऊन? पोट्टे नाई येऊन राह्यले?"

"शिबिर आहे त्यांचं. कागदकामाचं."

"वा! मंग तं चांगलंच झालं," हिंमतराव म्हणाले, आणि रस्त्याकडे न मावलेलं आपलं व्यवस्थापक मंडळ, विनीत, प्रेषक आणि एक गुळगुळीत छापलेला सहकुटुंब फोटो दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन आले. विमलबाई भिंतीवर हनुवटी टेकून पाहत होत्या. डिंपल गेल्यापासून त्यांचंही घर तसं रिकामंच होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, थोडी जागा ठेवा लागत होती. पोट्ट्याईचं काही सांगता येत नाई, येतबी असतात." मग आपल्या गॅसवर दूध उतू चालल्याचं त्यांना आठवलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कंदील लागला. कॉलनीतली सगळी माणसं फाटकासमोर जमली. अर्धी नावं आतल्या उजेडामुळे उलटी दिसत होती, तरी प्रत्येकाला आपलं नाव बरोबर सापडलं. हिंमतरावांनी दोन शब्द बोलताना हा कंदील समितीच्या प्रेरणेने उभा राहिल्याचं सांगितलं. सर्वांनी कंदिलाचे फोटो काढले आणि कंदील मधे आल्यामुळे मागे उभे असलेले उकंडराव एकाही फोटोत आले नाहीत. मग पूजेचा मुहूर्त होत आला आणि माणसं आपापल्या घरी गेली.

दाराकडची बाजू रस्त्यावरून दिसत नव्हती. ती फक्त घरात बसलेल्या माणसाला दिसे. त्यामुळे उकंडरावांनी त्या दिवाळीत हिंमतरावांच्या भावकीतली झाडून सगळी नावं वाचली. जेवताना एकदा, आणि जेवण झाल्यावर पुन्हा एकदा.

पाडव्याला सकाळी अश्विनीने व्हिडिओ कॉल लावून दिला. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचं असतं आणि त्यात पुणे-शेगाव अंतर आडवं येऊ नये, ही तिची कल्पना. उकंडरावांनी पाट मांडला, टोपी घातली आणि समोर मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे आशाबाई एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने त्याला ओवाळत होत्या. तबकाबरोबर मोबाईलही हलत होता, तसं उकंडरावांना कधी छत दिसे, कधी निरांजन, कधी आशाबाईंची हनुवटी.

"टोपी सरळ करा," आशाबाई म्हणाल्या.

त्यांनी केली.

"वाळून गेले तुमी."

"मोबाईलमध्ये तसं दिसते."

"ते मागं काय आहे एवढं चमकते ते?"

"काही नाई. कूलर."

"आता काऊन काढला? थंडी येऊन राह्यली नं."

"आत ठेवतो," उकंडराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अन् शिबिर कसं झालं पोरांचं? काय काय शिकले?"

"कोनतं शिबिर? हां, ते." आशाबाई निरांजन खाली ठेवायला वाकल्या, त्यामुळे पुढचं फक्त ऐकू आलं. "ते कुठी झालं? पोट्टे घरीच होते सारे दिवस, मीबी घरीच."

शिबिर घ्यायला किमान पंधरा मुलं लागत होती. अकराच आली.